बनी तो बनी, नाही तर तासिका!

निजामाच्या राजवटीत आमच्या गावाविषयी एक म्हण पडून गेली आहे : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' कुठे जमले तर जमले, न जमले तर परभणी आहेच! ही म्हण आमची स्तुती करते की टवाळी, याविषयी गावात दोन पक्ष आहेत. मी आजवर स्तुतीच्या पक्षात होतो. हैदराबादेत ज्याचे बस्तान बसले नाही त्याला ज्या गावाने पोटाशी धरले, ते गाव काही लहान नव्हे. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक मुलगी आमच्या ओसरीवर येऊन बसली, आणि तेव्हापासून मला ही म्हण निराळीच ऐकू येऊ लागली आहे.

मुलगी माझी विद्यार्थिनी. जिंतूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची लेक. घरात पहिली पदवी तिची, पहिली एम.एस्सी. तिची आणि पहिली पीएच.डी.ही तिचीच. मध्ये सेटची परीक्षाही तिने पहिल्या दमात काढली. सहा वर्षे झाली, ती एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत आहे. आमच्या घरी चकल्यांचा घाणा चालू होता. आमची मंडळी आतून म्हणाली, "बरं झालं बाई, सुट्टी लागली. आता महिनाभर आराम कर."

ती हसली. "काकू, आमची सुट्टी लागली की पगार पण सुट्टीवर जातो."

वाचकहो, दिवाळी अंकात हे रडगाणे कशाला, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हटले असते. पण आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी यंदा विज्ञान शाखेत असेल, तर त्याला बुन्सेनचा बर्नर पेटवायला जी व्यक्ती शिकवते तिची दिवाळी कशी होते, हे निदान एकदा तरी ऐकून ठेवा. फराळ काही पळून जात नाही.

या मुलीच्या नोकरीला 'तासिका तत्त्व' असे भारदस्त नाव आहे. यात तत्त्व कोणते आहे ते मला कळलेले नाही, तासिका मात्र आहे. जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. दिवाळीला तास नाही, उन्हाळ्यात तास नाही, परीक्षा चालू असल्या की तास नाही. मग पैसेही नाहीत. बाळंतपणाला तर नाहीच नाही, कारण बाळंतिणीला कोणी तासिका देत नाही. वर्ष संपले की नेमणूक संपली. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि पुन्हा तोच प्रश्न : आपण हा विषय शिकवू शकाल काय? सहा वर्षे तिच्याच हाताखाली ज्यांची पोरे पास झाली, तेच हे विचारतात.

पदवीच्या वर्गावरील व्याख्यानाचा भाव महाराष्ट्र शासनाने २०२३ साली तासाला ९०० रुपये केला. त्याआधी तो ६२५ होता. विद्यापीठ अनुदान मंडळाने (आपण सगळे त्याला यूजीसी म्हणतो) २०१९ सालीच अतिथी प्राध्यापकाला व्याख्यानामागे १५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्यावेत असे ठरविले होते. दिल्लीहून निघालेला आकडा गोदावरीकाठी येईपर्यंत असा आटतो. पण मला याहून बोचली ती निराळीच गोष्ट. या हिशेबात व्याख्यानाच्या तासाचा भाव एक आहे आणि प्रात्यक्षिकाच्या तासाचा भाव त्याहून कमी आहे!

ज्यांनी कधी प्रयोगशाळेत पाऊल टाकले नसेल त्यांना यातली खोच कळणार नाही, म्हणून सांगतो. व्याख्यान म्हणजे फळ्यासमोर उभे राहून बोलणे. ते मी तेहेतीस वर्षे केले. त्यातली निदान दहा वर्षे पिवळ्या पडलेल्या वह्यांवर केले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. प्रात्यक्षिकाचे तसे नाही. समोर वीस पोरे. एकाच्या हातात पिपेट, ते तोंडाने ओढायचा मोह त्याला होतो आहे. दुसऱ्याने आम्लात पाणी ओतायला घेतले आहे, पाण्यात आम्ल नव्हे. तिसरीच्या ब्युरेटची तोटी गळते आहे आणि ती रडवेली झाली आहे. टायट्रेशनचा शेवटचा थेंब पडावा, चंबूतले पाणी जेमतेम गुलाबी व्हावे, आणि हा रंग 'आला' की 'जास्त आला' हे पोराला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता यावे. विज्ञान नावाची जी काही वस्तू आहे ती या क्षणी एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते. फळ्यावरून जाते ती माहिती. आणि आपल्या हिशेबनिसांनी नेमका हाच तास स्वस्त ठरविला!

येथे मला एक कबुलीही देऊन टाकली पाहिजे. मी कायम नोकरीत होतो. आमच्या विभागात तासिकेची मुले येऊ लागली तेव्हा दुपारच्या प्रात्यक्षिकांच्या बॅचा मी त्यांच्या गळ्यात घातल्या आणि स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो. 'त्यांना तेवढाच अनुभव मिळतो' असे मी म्हणे. त्या अनुभवाचे पुढे काय झाले, ते आता ऐका.

मुलीच्या पिशवीत एक फाइल होती. सहा वर्षांची अनुभव-प्रमाणपत्रे तिने प्लॅस्टिकच्या पाकिटांत नीट लावून ठेवली होती. एका ठिकाणी तिला सांगण्यात आले की हा अनुभव धरता येत नाही. का? तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असे लिहून ठेवले की तात्पुरत्या, कंत्राटी वगैरे नोकरीची मागची वर्षे मोजायची असतील, तर त्या काळात त्या माणसाचे एकूण वेतन कायम प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असता कामा नये.

मी ते वाक्य दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. याचा सरळ मराठीत अर्थ असा की, तुला आम्ही कमी पैसे दिले; आणि कमी पैसे दिले म्हणून तू काम केलेच नाहीस. सालदाराला निम्मी ज्वारी द्यावी आणि वर्षअखेर म्हणावे की निम्म्या ज्वारीवर कोणी नांगरट करतो काय, तेव्हा तू नांगरलेच नाही! आमच्या भागात असा हिशेब करणाऱ्या मालकाच्या वाड्यावर लोक पायरी चढत नाहीत. विद्यापीठांच्या दारात मात्र आपण पदवीदान समारंभाला नवी टोपी घालून जातो.

कोणी म्हणेल, नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. खोटी प्रमाणपत्रे येऊ नयेत म्हणून ही अट घातली असेल. असेल. पण खोट्याला अडवायला खऱ्याचा गळा धरण्याची ही रीत कोणती? तासांचे बिल निघाले आहे, त्यावर प्राचार्यांची सही आहे, पैसे बँकेतून गेले आहेत. शिकवल्याचा याहून मोठा पुरावा कायम प्राध्यापकापाशीही नसतो.

बरे, शिकवणे नाही मोजले. मग मोजतात काय? मोजतात शोधनिबंध. त्याच २०१८ च्या नियमांत कायम प्राध्यापकाच्या अध्यापनाची परीक्षा अशी ठेवली : नेमलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक घेतले तर 'चांगले', ७० ते ८० टक्के घेतले तर 'समाधानकारक'. वर्गात काय झाले, पोरांना काय आले, याचा उल्लेख या टक्क्यांत नाही. संशोधनाला मात्र लेखागणिक गुण : विज्ञानात एका निबंधाला आठ. म्हणजे पोरगी दहा वर्षे उत्तम शिकवो, तिच्या हाताखालून शंभर रसायनशास्त्रज्ञ तयार होवोत, ती 'चांगली' या एका शब्दापलीकडे जात नाही. आणि कोणा भलत्याच नियतकालिकात पैसे भरून छापलेला चार पानी निबंध आठ गुण घेऊन बसतो.

'पैसे भरून' हे मी रागाच्या भरात लिहिलेले नाही. मुलगी आली होती ती त्यासाठीच. मुलाखतीआधी दोन निबंध छापून घ्यायचे होते, एका दलालाने दर सांगितला होता, आणि बापाने सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून द्यायची तयारी दाखवली होती. तिने मला विचारले, "सर, सगळेच देतात. देऊ का?"

या बाजाराची हकीकत फार जुनी नाही. यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी काढली. २०१८ साली पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आदी अभ्यासकांनी त्या यादीत विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला आणि 'करंट सायन्स'मध्ये आपला निष्कर्ष छापला : त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत. त्याच वर्षी मंडळाने ४,३०५ नियतकालिके यादीतून एकदम काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली. तीही २०२५ साली बंद करण्यात आली. यादी गेली, दलाल राहिले. राहणारच. जोवर उपाशी माणसाला निबंधाच्या वजनावर भाकरी मिळते, तोवर पिठात खडू मिसळणारे निघणारच.

गंमत पाहा, आमच्या धंद्यात 'जर्नल' शब्दाचे दोन अर्थ. एक विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकाची वही. तिच्यावर तांबड्या शाईने सही करायची ती या मुलीने, स्वस्त तासात. दुसरे ते छापील, ज्यात तिचे नाव यावे म्हणून तिच्या बापाने सोयाबीन विकायचे. पहिल्यात विज्ञान आहे, दुसऱ्यात गुण आहेत.

आता माझ्यावर आक्षेप येईल की हा म्हातारा संशोधनाचा शत्रू आहे. मुळीच नाही. परभणीत राहून संशोधनाचा शत्रू होणे शक्यच नाही. तसे झाले तर आम्हाला भेंडीसुद्धा खाता येणार नाही! थोडे विषयांतर होते आहे, पण ही हकीकत प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी.

भेंडीवर पूर्वी एक रोग हमखास पडे. पानांच्या शिरा पिवळ्या होत, मग पान पिवळे, मग फळ पिवळे. पांढरी माशी तो पसरवते. 'पुसा सावनी' ही नावाजलेली जात, तीही या रोगापुढे हात टेकू लागली. आमच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात, म्हणजे १८ मे १९७२ रोजी परभणीत स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात, जांभळे आणि नेरकर हे दोन शास्त्रज्ञ या प्रश्नाला भिडले. भेंडीच्या एका रानटी भाईबंदात ही प्रतिकारशक्ती होती. पण रानटीचा आणि घरच्या भेंडीचा संकर सुखासुखी नांदत नाही. संकरातून येणारी झाडे बरीचशी वांझ निघतात. पिढीमागून पिढी पुन्हा पुसा सावनीशी संकर करीत, रोगात टिकलेली आणि फळ धरणारी झाडे निवडीत जायचे, असे ते काम. प्रतिकार पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो यावरचा त्यांचा निबंध १९८१ साली परदेशी नियतकालिकात आला. तयार झालेल्या वाणाची नोंद अमेरिकेतल्या 'हॉर्टसायन्स'मध्ये आली ती १९८६ साली. वाणाचे नाव 'परभणी क्रांती'. ही भेंडी पुढे देशभर गेली. मुंबईच्या ताटातली भेंडी कोणत्या गावची, हे मुंबईकर विचारीत नाही. विचारील तर उत्तर ऐकून तो थोडा चपापेल.

दोन निबंधांमध्ये पाच वर्षे! या पाच वर्षांत त्या दोघांना दर जूनला अर्ज करून 'आपण भेंडी लावू शकाल काय' अशी मुलाखत द्यावी लागली असती, तर? दिवाळीच्या सुटीत पगार बंद म्हणून रोपांना पाणी घालायला कोणी आलेच नसते, तर? झाड सुट्टी घेत नाही. रोग नेमणुकीच्या मुदतीप्रमाणे पडत नाही. संशोधनाला बुद्धी लागते हे सगळे सांगतात. त्याआधी पुढच्या वर्षी याच खोलीची किल्ली आपल्याच हातात असेल असा भरवसा लागतो, हे कोणी सांगत नाही. परभणीने हे सिद्ध करून दाखवले आहे की संशोधन पुण्या-मुंबईतच होते असे नाही. गावचा प्रश्न, गावातली जमीन आणि पोटाची विवंचना नसलेली चार माणसे एकत्र आली की ते येथेही होते. आज त्याच परभणीत विज्ञान शिकवणाऱ्या मुलीला आपण म्हणतो, भरवसा मागू नकोस, निबंध आण.

स्त्रियांचा प्रश्न यात मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तो काढला नाही तर 'सगळ्यांनाच त्रास आहे' या गोधडीखाली तो झाकला जातो. १९३३ साली कमला भागवत नावाची एक मुलगी (आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी) मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने होऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात उभी राहिली. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेला माणूस! त्यांनी ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : एक वर्ष तिला कच्चे धरले जाईल, काम पसंत पडले तरच ते मान्य होईल. ते वर्ष तिने निभावले, पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यातल्या सायटोक्रोम 'सी'वर काम केले आणि १९३९ साली तिथली डॉक्टरेट घेतली. मायदेशी परतून तिने नीरेवर आणि कडधान्यांवर संशोधन केले, आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची ती संचालकही झाली.

रामनांचे ते वागणे आज आपण नवलाने सांगतो. पण हिशेब करून पाहा. कमलाबाईंची कसोटी एक वर्षाची होती. ते वर्ष संपले आणि त्या पक्क्या झाल्या. माझ्या विद्यार्थिनीचे कच्चेपण सहा वर्षे चालू आहे आणि ते केव्हा संपेल हे तिला कोणी सांगत नाही. रामन निदान तोंडावर 'नाही' म्हणाले. आजचे दार अर्धे उघडे असते, आत चहाही मिळतो. फक्त तिशीला टेकलेल्या मुलीने लग्न करावे की थांबावे, मूल होऊ द्यावे की पुढच्या जूनची मुलाखत द्यावी, याचे उत्तर त्या दाराशी तिने एकटीने शोधायचे असते. तिच्या वर्गातला मुलगाही तासिकेवर असतो हे खरे. पण 'मुलाखतीच्या दिवशी बाळ कोणाकडे ठेवणार' हे त्याला कोणी विचारलेले मी तरी ऐकलेले नाही.

आणि जातीचे काय? कागदावर आरक्षण आहे. पण काही वर्षांपूर्वी एक मोठा मजेदार हिशेब निघाला होता. संपूर्ण विद्यापीठ एक घटक न धरता प्रत्येक विभाग वेगळा घटक धरायचा, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. मग तेरा जागांच्या बिंदुनामावलीप्रमाणे चौथी जागा इतर मागासवर्गीयांची, सातवी अनुसूचित जातींची, आणि अनुसूचित जमातींची चौदावी. आता भौतिकशास्त्राचा विभाग तीन माणसांचा असेल तर? चौथी जागा यायचीच नाही, सातवीचे नावच नको, आणि चौदाव्या जागेची वाट पाहणारा आदिवासी तरुण तीन पिढ्या उभाच! देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांपुरता हा हिशेब उलटवला. कायदा झाला हे चांगले झाले. पण जागाच भरायची नाही, ती तासांत चिरून वाटायची, असे ठरल्यावर सातवी कोणती आणि चौदावी कोणती? नामावली कायम जागांची असते. जागा रिकामी ठेवली की नामावलीही रिकामी.

जागा भरल्या जातात तेव्हाही काय चालते, ते खेड्यापाड्यांत उघडपणे बोलले जाते. एका मुलाखतीनंतर आमच्या या मुलीला बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी हळूच एक आकडा सांगितला. त्या आकड्यात तिच्या बापाचे शेत दोनदा विकले गेले असते. हे कोठे घडले ते मी सांगणार नाही. ज्यांच्या घरात असा उमेदवार आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना खरे वाटणार नाही.

'सरकारपाशी पैसे नाहीत' हे उत्तर मला पाठ आहे. पैसे नाहीत म्हणून आपण रेल्वेचा ड्रायव्हर तासिकेवर नेमीत नाही. कारण गाडी घसरली तर त्याच दिवशी दिसते. वर्गातली गाडी घसरलेली दहा वर्षांनी दिसते, जेव्हा मातीपरीक्षणाचा अहवाल वाचता न येणारा कृषी पदवीधर शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहतो. आमच्या कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मेला, शेतकऱ्यांचा खरीप मेळावा भरतो. तिथे धोतर नेसलेला एखादा माणूस बोंडअळीवर जो प्रश्न विचारतो त्याला निबंधांची यादी दाखवून भागत नाही. सगळ्या निवड समित्या एकदा त्या मांडवात बसवाव्यात असे मला फार वाटते.

माझी मागणी मोठी नाही. रिकामी जागा पुरी भरा. तोवर प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाइतके पैसे द्या आणि सुटीतही द्या. ज्या तासांचे बिल सरकारने स्वतः चुकते केले ते तास अनुभव म्हणून मोजा. आणि निवडीच्या वेळी उमेदवाराला निबंधांची थप्पी मागण्याऐवजी प्रयोगशाळेत न्या, वीस पोरे समोर द्या, आणि बाजूला उभे राहून पाहा. मला उत्तम मास्तर ओळखायला अर्धा तास पुरतो. आपल्यालाही पुरेल.

तर त्या दिवशी मी मुलीला म्हणालो, "एक पैसा द्यायचा नाही त्या दलालाला." ती गप्प बसली. मग शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं पेन्शन आहे." यावर मला काही बोलता आले नाही. आमची मंडळी चकल्या घेऊन बाहेर आली म्हणून बरे झाले.

निघताना मी पाडव्याची म्हणून पाचशेची नोट पुढे केली. तिने ती घेतली नाही. कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचं ते जुनं व्होगेल देता का? आमच्या लायब्ररीतलं फाटलंय. सुट्टी संपली की पहिल्या वर्षाच्या पोरांचं टायट्रेशन सुरू होतं." मी पुस्तकावरची धूळ झटकली. आतल्या पानावर माझे नाव होते, त्याखाली तिने आपले लिहिले आणि ते पिशवीत, फाइलीच्या वर, ठेवले.